गुप्तांगावर फोड किंवा जखम दिसली तर: पहिल्या दिवसापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

लिंगावर, योनीच्या तोंडाशी, जांघेत किंवा गुदद्वाराजवळ अचानक फोड किंवा जखम दिसली की बहुतेक जण मोबाइलवर फोटो शोधत बसतात. त्यातून भीती वाढते, उत्तर मिळत नाही. नुसतं पाहून कारण सांगताना अनुभवी डॉक्टरसुद्धा चुकतात, कारण एकच आजार चार जणांत चार तऱ्हेने दिसतो आणि कधी एकाच माणसाला दोन आजार एकदम झालेले असतात. निदान होतं ते तीन गोष्टींवरून: जखमेतून घेतलेला नमुना, रक्ताच्या तपासण्या आणि तारखा. या तिन्ही हातातून निसटू नयेत यासाठी काय करायचं ते क्रमाने पाहू.

१. आधी हे तपासा: आजच निघायचं की दोन दिवस चालेल?

खालीलपैकी काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

- लघवी होतच नाही, किंवा जळजळीच्या भीतीने तुम्ही ती तासन्‌तास रोखून धरली आहे.
- लिंगाच्या टोकाची कातडी मागे सरकून अडकली आहे आणि टोक सुजलं आहे.
- कातडी काळी पडतेय, दुर्गंधी येतेय, सूज तासातासाला पसरतेय.
- फोडांबरोबर खूप ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणं किंवा डोळा लाल होऊन दुखणं आहे.
- नवीन औषध सुरू केल्यावर तोंड, डोळे आणि गुप्तांग अशा अनेक ठिकाणी फोड येऊन कातडी सुटतेय.
- तुम्ही गरोदर आहात. इथे 'बघू दोन दिवस' चालत नाही, कारण सिफिलिस (गरमी) आणि हर्पिस (विषाणूमुळे येणारे फोड) हे संबंधांतून लागणारे दोन्ही आजार बाळापर्यंत पोचू शकतात.

आणखी एक घड्याळ आहे, ते जखमेचं नाही. असुरक्षित संबंध गेल्या ७२ तासांतला असेल आणि समोरच्या व्यक्तीला एचआयव्ही असण्याची शक्यता वाटत असेल, तर संसर्ग रोखणारी औषधं (पेप) ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितकी लवकर तितकी चांगली. ती २८ दिवस घ्यायची असतात. फोड कशाचा हे नंतर पाहता येईल, ही वेळ मात्र परत मिळत नाही.

बाकीच्यांनी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावं. 'भरून येते का बघू' म्हणून आठवडा काढू नये. त्याचं कारण पाचव्या मुद्द्यात आहे.

२. नीट बघा आणि लिहून ठेवा

हात धुवा, चांगला उजेड घ्या, बायकांनी हातआरसा घ्यावा. पाहायचं ते असं: जखम एक की अनेक, पुंजक्यात की विखुरलेल्या? पाण्याने भरलेली पुटकुळी, उघडी जखम, खपली की नुसता उंचवटा? हलका स्पर्श केल्यावर दुखते का? कडा कडक लागतात की मऊ? जांघेत अवधाण (सुजलेली गाठ) आलंय का, एका बाजूला की दोन्हीकडे? तोंडात छाले, तळहात-तळपायांवर डाग, अंगावर पुरळ आहे का?

फोटो जरूर काढा, कारण डॉक्टरांकडे पोचेपर्यंत पुटकुळी फुटून नुसती खपली उरलेली असू शकते. फक्त त्याआधी मोबाइलमधली आपोआप बॅकअप घेण्याची सोय बंद करा. घरातल्या सगळ्यांच्या टॅबवर तेच फोटो उमटतात हे अनेकांना उशिरा कळतं.

काही गोष्टी आजारच नसतात. लिंगाच्या टोकाच्या कडेने ओळीने बसलेले, एकसारखे, मोत्यासारखे बारीक उंचवटे. कातडीखाली दिसणारे पिवळसर-पांढरे कण. योनीच्या तोंडाशी आतल्या बाजूला दोन्हीकडे सारखे दिसणारे मऊ बारीक कोंब. हे सगळं नैसर्गिक आहे, वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि कधी फुटत नाही. चिंतेच्या भरात पहिल्यांदा नीट पाहिल्यामुळे ते 'नवीन' वाटतं, इतकंच.

३. काहीही लावू नका

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. दुकानात विचारलं की बऱ्याचदा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम हातात पडतं. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत कमी होते, माणूस खूश होतो, आणि आतला संसर्ग मात्र मोकाट वाढतो. जखमेचं रूप इतकं बदलतं की मग डॉक्टरलाही ओळखू येत नाही.

जंतुनाशक द्रव, डेटॉल, स्पिरिट, हळद, टूथपेस्ट, लिंबू यांपैकी काहीही नको. गुप्तांगाची कातडी पातळ असते, ती भाजते, आणि मूळ जखमेवर रसायनाची दुसरी जखम तयार होते. घरात पडलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या तर अजिबात घेऊ नका. अर्धवट मात्रेने सिफिलिसची जखम दबते, आजार तसाच राहतो.

चालतं काय? कोमट पाण्याने धुणं, टिपून कोरडं करणं, सैल सुती कपडे, दुखत असेल तर पॅरासिटामॉल (त्याची ॲलर्जी नसेल तर). अर्ध्या लिटर कोमट पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून त्याने धुतलं तर आराम पडतो. लघवी करताना फार आग होत असेल तर त्याच वेळी वरून कोमट पाण्याची धार सोडा, किंवा टबात बसून लघवी करा. पाणी भरपूर प्या. लघवी पातळ झाली की आग कमी होते. लोक भीतीने पाणी तोडतात आणि त्रास वाढवून घेतात.

आणि निदान होईपर्यंत संबंध बंद. तोंडाने केलेलेसुद्धा.

४. तारखांचा हिशोब मांडा

कागदावर तीन तारखा लिहा: जखम पहिल्यांदा दिसली ती, गेल्या तीन महिन्यांतल्या संबंधांच्या, आणि गेल्या दोन आठवड्यांत घेतलेल्या प्रत्येक औषधाची. संसर्ग झाल्यापासून जखम दिसेपर्यंतचा काळ साधारण असा असतो:

- हर्पिस: २ ते १२ दिवस
- शँक्रॉइड (जिवाणूंमुळे होणारी जखम): ४ ते १० दिवस
- एमपॉक्स (आधी मंकीपॉक्स म्हणायचे): ३ ते २१ दिवस
- सिफिलिस: १० ते ९० दिवस, बहुधा तीन आठवड्यांच्या आसपास

काल रात्री संबंध आला आणि आज सकाळी जखम दिसली, तर ती कालच्या संबंधातल्या संसर्गाची नाही. ती घासल्याची असेल, कंडोमच्या रबराची किंवा वंगणाची ॲलर्जी असेल, नाहीतर आधीच्या कुठल्यातरी संसर्गाची. हर्पिसबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: पहिला संसर्ग काही न दिसता होऊन जातो आणि फोड कित्येक महिन्यांनी, वर्षांनीही येऊ शकतात. त्यामुळे आज फोड आला म्हणजे जोडीदाराने आत्ताच काही केलं, असा अर्थ निघत नाही. या एका गैरसमजावरून घरं मोडतात.

५. जखम कशाची असू शकते

हर्पिस. गुप्तांगावरच्या फोडांचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. आधी एक-दोन दिवस त्या जागी मुंग्या किंवा जळजळ, मग लालसर जागेवर पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा पुंजका. पुटकुळ्या फुटतात, उथळ आणि झोंबणाऱ्या जखमा होतात, मग खपली धरते. पहिल्या खेपेला ताप, अंगदुखी, दोन्ही जांघांत दुखरं अवधाण, लघवीला आग असा सगळा लवाजमा असू शकतो आणि भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. पुढच्या खेपा सौम्य आणि छोट्या असतात. ओठावर ताप उतरताना जे फोड येतात, त्यांचा विषाणू (एचएसव्ही-१) तोंडाच्या संबंधातून गुप्तांगावर येऊ शकतो. त्याच्या खेपा गुप्तांगावरच्या नेहमीच्या हर्पिस विषाणूपेक्षा (एचएसव्ही-२) कमी वेळा येतात.

सिफिलिस, म्हणजे जुनी माणसं जिला गरमी म्हणायची. ही फसवते ती न दुखून. बहुधा एकच जखम, गोल, तळ स्वच्छ, कडा आणि बूड हाताला कडक. जांघेतली गाठही दुखत नाही. योनीच्या आत, गुदद्वारात किंवा तोंडात असेल तर पत्ताच लागत नाही. उपचार न करताही ती तीन ते सहा आठवड्यांत भरून येते, आणि माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. जंतू मात्र रक्तात असतात. काही आठवडे ते काही महिन्यांनी अंगावर पुरळ येतं, अनेकदा तळहात-तळपायांवरही, ते सहसा खाजत नाही. तेही जातं. पुढे कित्येक वर्षांनी मेंदू, हृदय, डोळे, कान यांपर्यंत मजल जाऊ शकते. जखम आपोआप बरी झाली तरी तपासणी टाळायची नाही, ती याचसाठी. (मज्जासंस्था, डोळे आणि कान यांना त्रास अगदी सुरुवातीच्या काळातही होऊ शकतो. नजर धूसर झाली किंवा ऐकू कमी आलं तर सांगा.)

शँक्रॉइड आता दुर्मीळ आहे: दुखरी, मऊ, वेड्यावाकड्या कडांची, पुवाळलेली जखम आणि एका बाजूची जांघेतली गाठ, जी फुटूही शकते. एलजीव्ही या जिवाणूंच्या आजारात जखम इतकी लहान असते की लक्षातच येत नाही. नंतर जांघेत मोठं, दुखरं अवधाण येतं. डोनोव्हॅनोसिस या जिवाणूंच्याच आजाराची जखम लालभडक, न दुखणारी आणि हात लावताच रक्त येणारी असते, हळूहळू पसरते. एमपॉक्स २०२२ पासून अनेक देशांत पसरला. त्याचे फोड कडक, खोलवर रुजलेले, मध्ये खळगा असलेले असतात आणि सोबत ताप व गाठी येतात.

आता संबंधांशी काही देणंघेणं नसलेली कारणं. ही लोकांना वाटतात त्यापेक्षा खूप जास्त आढळतात.

औषधाची ॲलर्जी हे त्यातलं सगळ्यात जास्त निसटणारं कारण. विशिष्ट गोळी घेतली की काही तासांत, किंवा एक-दोन दिवसांत, दर वेळी त्याच जागी आग होऊन जांभळट-लाल चट्टा उठतो, कधी त्यावर फोड येऊन कातडी सोलते, आणि बरा झाल्यावर काळा डाग मागे राहतो. लिंगाचं टोक ही त्याची आवडती जागा. कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, जुलाबावरच्या मेट्रोनिडाझोल-ऑर्निडाझोल जातीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, क्वचित पॅरासिटामॉलसुद्धा. हा चट्टा हर्पिस समजून वर्षानुवर्षं त्याची औषधं घेणारे लोक असतात. 'त्याच जागी, काळा डाग ठेवून' ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मधुमेहात साखर वाढली की बुरशी धरते, लिंगाच्या टोकावरच्या कातडीला उभ्या चिरा पडतात आणि ती मागे घेताना दुखते. मधुमेहावरच्या ग्लिफ्लोझिन जातीच्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. अशा चिरा पुन्हा पुन्हा पडत असतील तर साखर तपासा, कितीही तरुण असलात तरी. खरजेत लिंगावर, वृषणांवर खाजऱ्या गाठी येतात आणि रात्री खाज वाढते. घरात आणखी कुणी खाजवतंय का ते पाहा. वस्तऱ्याने केस काढल्यावर केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. तोंडात वारंवार छाले आणि सोबत गुप्तांगावर जखमा असतील तर बेशेट नावाच्या आजाराचा विचार होतो. एकही संबंध न आलेल्या किशोरवयीन मुलींना विषाणूजन्य तापानंतर योनीच्या तोंडाशी अचानक मोठी, खूप दुखणारी जखम होऊ शकते. अशा मुलीकडे संशयाने पाहण्याआधी हे माहीत असावं.

महिन्याभरात न भरणारी, हळूहळू वाढणारी जखम असेल तर तुकडा काढून तपासावाच लागतो. कर्करोग सुरुवातीला असाच दिसतो.

६. डॉक्टरांकडे जाताना

जायचं ते त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञाकडे. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञही पाहतात, पण जखमेचा नमुना घेण्याची सोय आहे का ते आधी विचारा. भिंतीवर 'गॅरंटीने इलाज' रंगवणाऱ्यांकडे जाऊ नका.

सोबत हे ठेवा:

- तारखांचा कागद आणि फोटो
- चालू आणि गेल्या दोन आठवड्यांतल्या औषधांच्या पट्ट्या (नाव आठवण्यापेक्षा रिकामी पट्टी बरी)
- पेनिसिलिन किंवा दुसऱ्या औषधाची ॲलर्जी असेल तर नेमकं काय झालं होतं त्याची नोंद
- जुने रिपोर्ट: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, साखर
- स्त्रियांसाठी शेवटच्या पाळीची तारीख

त्या दिवशी जखमेवर पावडर, व्हॅसलीन, मलम नको. केसही काढू नका, वस्तऱ्याने विषाणू पसरतो.

बोलायला सुरुवात कशी करायची, इथे गाडी अडते. सरळ म्हणा: "डॉक्टर, गुप्तांगावर जखम आहे, चार दिवस झाले, तीन आठवड्यांपूर्वी कंडोमशिवाय संबंध आला होता." कोणाशी, हे नावानिशी सांगावं लागत नाही. पण संबंध पुरुषाशी की स्त्रीशी, तोंडाने, योनीत की गुदद्वारात, हे खरं सांगा, कारण नमुना कुठून घ्यायचा ते त्यावर ठरतं. जोडीदार शेजारी बसला असेल आणि बोलता येत नसेल, तर तपासताना एकट्याने बोलायचंय असं सांगा.

७. तपासणी आणि चाचण्या

डॉक्टर जखम, जांघा, तोंड, तळहात, अंगावरची कातडी पाहतील. तपासताना सोबत कोणी हवं असेल तर मागा. न पाहता, नुसतं ऐकून औषध लिहून दिलं तर 'एकदा पाहता का' असं म्हणायला लाजू नका.

जखमेचा पीसीआर (नमुन्यात जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी) सगळ्यात मोलाचा. ताजी पुटकुळी फोडून तिच्या तळावर काडी फिरवून नमुना घेतात, क्षणभर झोंबतं. खपली धरल्यावर नमुन्यात विषाणू सापडण्याची शक्यता खूप कमी होते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस महत्त्वाचे.

रक्तात सिफिलिससाठी दोन तऱ्हेच्या चाचण्या लागतात: व्हीडीआरएल किंवा आरपीआर (आजाराचा जोर आकड्यात दाखवणारी), आणि टीपीएचए किंवा तत्सम (सिफिलिसच्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी). सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, साखर. गनोरिया आणि क्लॅमिडिया या संबंधांतूनच लागणाऱ्या दुसऱ्या आजारांसाठी लघवीचा किंवा काडीचा नमुना.

एक सापळा: 'संपूर्ण गुप्तरोग पॅकेज' म्हणून विकल्या जाणाऱ्या तपासण्यांत हर्पिसचा आयजीएम (संसर्गाच्या सुरुवातीला बनणारी प्रतिपिंडं) हमखास असतो. त्यावर विसंबू नका. तो खोटा पॉझिटिव्ह येतो, आणि जुन्या हर्पिसच्या नव्या खेपेतही येतो, त्यामुळे नवा संसर्ग की जुना तेही कळत नाही. आयजीजी (नंतर बनून टिकणारी प्रतिपिंडं) थोडा कामाचा आहे, पण संसर्गानंतर तो दिसायला बारा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. आणि एचएसव्ही-१ चा आयजीजी तर लहानपणी ओठांवर फोड येऊन गेलेल्या असंख्य लोकांत पॉझिटिव्ह असतो. त्यावरून गुप्तांगावरची जखम कशाची हे ठरत नाही.

८. रिपोर्ट वाचताना

जखम उठल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत सिफिलिसची रक्तचाचणी निगेटिव्ह येऊ शकते. तेव्हा निगेटिव्ह म्हणजे 'अजून दिसत नाही' इतकंच.

व्हीडीआरएल '१:२' सारखा (रक्त किती पट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा) कमी आला आणि टीपीएचए निगेटिव्ह असेल, तर बहुधा तो खोटा पॉझिटिव्ह. गरोदरपणात आणि काही दुसऱ्या आजारांत असं होतं. अगदी ताजी जखम असेल तर मात्र दोन-चार आठवड्यांनी पुन्हा करतात. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाला की उपचारानंतरही बहुतेकांत आयुष्यभर तसाच राहतो, त्यामुळे बरं झालं का हे त्यावरून पाहायचं नसतं.

हर्पिसचा पीसीआर निगेटिव्ह, पण नमुना खपलीवरून घेतलेला? मग पुढच्या खेपेला पहिल्याच दिवशी पुन्हा द्या.

९. उपचार: चिठ्ठीत काय असायला हवं

हे स्वतः औषध घेण्यासाठी नाही, हातातली चिठ्ठी समजण्यासाठी.

हर्पिसच्या पहिल्या खेपेला ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, किंवा व्हॅलॅसायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते. नुसत्या ॲसायक्लोव्हिर मलमाने फारसा फायदा होत नाही, गोळ्याच लागतात. लक्षणं ठळक असतील तर रिपोर्टची वाट न पाहता सुरू करतात. विषाणू शरीरातून जात नाही, पण खेपा वारंवार येत असतील तर रोज एक ठरावीक मात्रा घेऊन त्या दाबता येतात. व्हॅलॅसायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम रोज घेतल्याने जोडीदाराला संसर्ग होण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटतो.

सुरुवातीच्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, स्नायूत, एकदाच. बहुधा दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं. हे इंजेक्शन दुखतं. त्यानंतर २४ तासांत ताप, थंडी, डोकेदुखी येऊ शकते. ती पेनिसिलिनची ॲलर्जी नव्हे, मरणाऱ्या जंतूंमुळे उठलेली प्रतिक्रिया आहे. मात्र अंगावर गांध्या, श्वास लागणं, ओठ सुजणं ही ॲलर्जी, तेव्हा तातडीने दाखवा. पेनिसिलिन चालत नसेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस. गरोदर स्त्रीला ते देत नाहीत, तिला पेनिसिलिनच लागतं आणि ॲलर्जी असेल तर रुग्णालयात शरीराला त्याची सवय करून देतात.

शँक्रॉइडला ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच, एलजीव्हीला डॉक्सिसायक्लिन २१ दिवस. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून २१ दिवसांचा कोर्स मध्येच सोडणारे खूप, आणि गाठ पुन्हा येते.

१०. जोडीदाराला सांगणं

सिफिलिसची पहिली जखम असेल तर ती उठण्याआधीच्या तीन महिन्यांतल्या सगळ्या जोडीदारांना तपासणी आणि बहुधा उपचारही लागतात, त्यांना काही त्रास नसला तरी. फक्त तुम्ही इंजेक्शन घेतलं आणि जोडीदाराने नाही, तर तोच आजार परत तुमच्याकडे येतो. सिफिलिस एकदा होऊन गेली की पुन्हा होत नाही, असं नाही.

सांगताना आरोप नको, माहिती द्या: "मला सिफिलिस निघाली आहे, तुलाही असू शकते, त्रास नसला तरी रक्त तपासून घे." समोर बोलणं शक्य नसेल किंवा मारहाणीची भीती असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला सांगा, तुमचं नाव न घेता कळवण्याची सोय काही ठिकाणी असते.

जखमा पूर्ण भरेपर्यंत, आणि सिफिलिसमध्ये इंजेक्शननंतर किमान सात दिवस, संबंध नको. कंडोम धोका कमी करतो, पण वृषण, जांघ, योनीच्या बाहेरची जागा त्याने झाकली जात नाही. टॉवेल वेगळा ठेवायला हरकत नाही. शौचालयाच्या सीटवरून हे आजार लागतात ही भीती मात्र सोडा.

११. पुढच्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाका

- एचआयव्ही: प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) संबंधानंतर ४५ दिवसांनी, बोटातून रक्त घेऊन केलेली झटपट चाचणी असेल तर ९० दिवसांनी. पेप घेतलं असेल तर तारखा पुढे जातात, डॉक्टरांना विचारा.
- सिफिलिस, पहिली चाचणी निगेटिव्ह असेल तर: ६ आणि १२ आठवड्यांनी पुन्हा.
- सिफिलिसचा उपचार झाला असेल तर: ६ आणि १२ महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, तीच चाचणी. व्हीडीआरएल आणि आरपीआरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. आकडा चौपटीने उतरायला हवा, म्हणजे १:३२ चा १:८ किंवा त्याखाली. तो वर चढला तर पुन्हा संसर्ग झाला किंवा उपचार पुरा पडला नाही.
- हिपॅटायटिस बी निगेटिव्ह आणि लस झालेली नसेल तर ती घेऊन टाका. एचपीव्ही (चामखिळी आणि काही कर्करोग करणारा विषाणू) याच्या लशीबद्दलही याच भेटीत विचारा.
- औषध सुरू करून सात दिवसांत जखमेत काहीच फरक नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता परत जा आणि पट्ट्या, रिपोर्ट, फोटो सगळं पुन्हा सोबत न्या.